चौथी मिरची

बिबिसोरा उस्ताद गेल्या, त्याच्या आठव्या दिवशी मिर्झा तुर्गुनोयच्या घरी आला. पितळी पिंजऱ्यात बसून आला, आणि पिंजरा खाली ठेवताक्षणी त्याने तिच्याकडे पाठ फिरवली.

पिंजरा घेऊन आलेला होता उस्तादांचा धाकटा मुलगा अब्दुरसूल. शाळेत भूगोल शिकवतो आणि घरी मोजकंच बोलतो. तो म्हणाला, "आईने सांगून ठेवलं होतं आपा. मिर्झा तुर्गुनोयकडे द्यायचा."

"आणखी काय म्हणाल्या?"

"एवढंच."

"अरे, एवढंच कसं? का द्यायचा, कशासाठी, काहीतरी म्हणाल्या असतील ना!"

"आईचा स्वभाव तुम्हाला काय नवीन आहे? एवढंच म्हणाली आणि कूस बदलून झोपली." त्याने उभ्याउभ्याच चहाचा पियाला संपवला. निघताना म्हणाला, "आईला वर्ष झालं की पलावाचं जेवण घालू, त्या वर्षाच्या पलावाला भेटूच. तोवर नाहीच जमलं तर संकोच करू नका. ताश्कंदची बहीण न्यायला तयार आहे."

तो गेला आणि तुर्गुनोय पिंजऱ्यासमोर बसून राहिली. हिरवागार पोपट, मानेत गुलाबी कंठी, लांब शेपटी. वय म्हणे बावीस. तिने आयुष्यात कोंबडीसुद्धा पाळली नव्हती. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. ही चौथी राहिली, म्हणून नाव ठेवलं तुर्गुनोय, म्हणजे टिकलेली. आई मरेपर्यंत म्हणायची, आपल्या घरात जीव टिकत नाही, जनावर आणू नका. आता छप्पन्नाव्या वर्षी, नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन अंदिजानला, आणि समोर हे पाखरू.

पण खरी धास्ती वेगळीच होती. ती सांगायची तर थोडं मागे जावं लागेल.

मार्गिलानमध्ये टोप्यांवर रेशमाचं भरतकाम करणाऱ्या बायका पुष्कळ, पण बिबिसोरा उस्ताद एकच. काळ्या साटिनावर पांढऱ्या रेशमाच्या चार मिरच्या, चार बाजूंना चार, अशा उभ्या राहायच्या की टोपी घालणारा आपोआप मान ताठ करायचा. तुर्गुनोय नवव्या वर्षी त्यांच्याकडे शिकायला बसली. उस्तादांनी तिच्याकडून कधी पैसा घेतला नाही, उलट दुपारचं जेवण घातलं. दहा वर्षं शिकवलं. आमच्याकडे शिष्या तयार झाली की उस्ताद चार बायकांदेखत तिच्या कमरेला रुमाल बांधते, सुयांची डबी देते आणि म्हणते, "तुझे हात दुखणं न बघोत." ही निरोपाची दुवा. ती मिळाली की तुम्ही कारागीर. न मिळाली तर तुम्ही टोप्या शिवणारी कुणीतरी बाई.

तुर्गुनोयच्या दुवेचा दिवस ठरला होता. त्याच्या आठवडाभर आधी तिने सरकारी कारखान्यात नाव घातलं. तिथे यंत्रावर टोप्या निघायच्या आणि महिन्याच्या महिन्याला पगार मिळायचा. वडील आजारी होते, हे खरं. पण उस्तादांना न विचारता, न सांगता गेली, हेही खरं. सांगायला तोंड नव्हतं, आणि एक दिवस सांगायचं राहिलं की दुसऱ्या दिवशी ते दुप्पट जड होतं. असं करता करता सदतीस वर्षं झाली.

कारखाना बंद पडला, ती पुन्हा हाताने भरायला लागली. तीन गल्ल्यांवर उस्ताद राहायच्या. लग्नकार्यात गाठ पडायची. तुर्गुनोय छातीवर हात ठेवून वाकायची आणि उस्ताद तिच्या टोपीकडे नजर टाकून म्हणायच्या, "छान आहे. चांगला हात आहे तुमचा." परक्या बाईला म्हणतात तसं. ते ऐकून तुर्गुनोय घरी येऊन रडायची. कारण स्वतःच्या शिष्यांना उस्ताद कधीच छान म्हणत नसत. त्यांचा एकच शब्द सगळ्या मार्गिलानला ठाऊक होता: "उसव!" टाका जरा तिरका गेला, उसव. दोरा जरा ताणला, उसव. दिवसातून दहा वेळा. आणि मिर्झाही तेच म्हणायचा, अगदी त्यांच्याच आवाजात, आधी घसा खाकरून.

तर आता उस्तादांनी आपला पोपट हिला का दिला? माफ केलं म्हणून, की शिक्षा म्हणून? तुर्गुनोयने स्वतःशीच एक ठरवून टाकलं. वर्षाच्या पलावापर्यंत हा जीव माझ्या घरात टिकला, सुखाने राहिला, तर उस्तादांनी मला माफ केलं. नाही टिकला, तर नाही केलं. असं ठरवणं बरोबर की चूक, हे तिला विचारायला कुणी नव्हतं, म्हणून ते ठरूनच गेलं.

आणि मग तिने मिर्झाची अशी काही बडदास्त ठेवली की विचारू नका.

घरात सगळ्यात चांगली खोली पाहुण्यांची. तिथे गालिचा, तिथे रंगीत गाद्यांची चळत, तिथे काचेच्या कपाटात न वापरलेले पियाले. पिंजरा तिथे ठेवला. सकाळी ताजी रोटी, लोण्याचा हात लावून. दुपारी पलाव, वर गाजर जास्त. संध्याकाळी हलवा. मिर्झा पलावातलं गाजर उचलायचा आणि भात तिच्या गालिच्यावर फेकायचा. हलवा त्याने चोचीने नुसता उकरून ठेवला. ती दार उघडून आत जायची, अदबीने वाटी ठेवायची, "घ्या साहेब" म्हणायची आणि दार लोटून आपल्या कामाच्या खोलीत जायची. पाहुण्याला आराम हवा, तिथे सुईदोऱ्याचा पसारा कशाला!

मिर्झा बोलेना. एक अक्षर नाही. लोक मुद्दाम ऐकायला यायचे. टोप्यावाल्या बायका यायच्या, पिंजऱ्यासमोर ओळीने बसायच्या आणि म्हणायच्या, "म्हण ना रे, उसव म्हण." मिर्झा भिंतीकडे तोंड करायचा. बायका जाताना तुर्गुनोयकडे बघायच्या. एक तर बोललीच, "उस्तादांकडे अखंड बडबडायचा. तू काय केलंस त्याला?"

दोन महिन्यांत त्याने छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. हिरव्यामध्ये गुलाबी कातडीचा ठिपका दिसायला लागला. तिने हलवा वाढवला.

जानेवारीत शेजारची मस्तूरा आली. मस्तूरा मनाने वाईट नाही, पण तोंडाला दार नाही. पिंजऱ्याभोवती फिरत म्हणाली, "अगं बाई, काय शेपटी! काय चोच! आणि डोळे तर बघ, माणसाचे! पिसं झडली तरी एवढा देखणा!" इतकं बोलली आणि वर एकदाही थू थू केलं नाही. तुर्गुनोय वाट बघत राहिली, आता करेल, मग करेल. मस्तूरा चहा पिऊन गेलीसुद्धा.

आता तुम्हीच सांगा, आमच्या गल्लीतली कुठली बाई अशा वेळी स्वस्थ बसेल? दाराच्या चौकटीला इसिरिक या रानझुडपाची वाळलेली जुडी टांगलेली होती, प्रत्येक घरात असते तशी. ताप आला, त्याची धुरी. नवं बाळ घरात आलं, धुरी. कुणी फार वाखाणून गेलं, दुहेरी धुरी. तुर्गुनोयने लोखंडी तव्यात निखारे घेतले, वर मूठभर नाही तर दोन मुठी इसिरिक टाकला, थंडी म्हणून खिडक्या घट्ट लावल्या आणि मिर्झाच्या पिंजऱ्याभोवती तवा फिरवला. तीनदा उजवीकडून, तीनदा डावीकडून. मग मस्तूराची नजर जबर, म्हणून आणखी तीनदा. धुरात पिंजरा दिसेनासा झाला. मायेने केलं हो सगळं.

धूर जरा विरला तेव्हा मिर्झा दांडीवर नव्हता. पिंजऱ्याच्या तळाशी पंख पसरून बसला होता, चोच उघडी, आणि प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली होत होती.

"टिकत नाही," तुर्गुनोय मोठ्याने म्हणाली. "आई, टिकत नाही गं." आणि तिने पिंजरा उचलला, वर स्वतःचा गरम अंगरखा टाकला आणि पायात होत्या त्या सपातांनिशी ती पळत सुटली.

कुठे जायचं ते पायांनाच माहीत होतं. कोपऱ्यावरच्या चहाखान्यात नेमतबोबो, म्हणजे नेमत आजोबा, बसतो. वय चौऱ्याहत्तर. पन्नास वर्षं लावे पक्षी पाळतोय. एक लावा कायम त्याच्या बाहीत असतो, मनगटातून डोकं काढून जगाकडे बघत. चहाखान्यात बायका जात नाहीत. कुणी बंदी घातलेली नाही, पण जात नाहीत. तुर्गुनोयने भर सकाळी दार ढकललं, तेव्हा आतले सगळे पियाले हवेतच थांबले.

"आत नको!" नेमतबोबो ओरडला. तिला नाही, अंगरख्याखालच्या पिंजऱ्याला बघून. "आत कबाबाची शेगडी आहे! मागून ये पोरी, मागून!"

मागे त्याची लाव्यांची खोली होती. ऊबदार, अंधारी, स्वच्छ. वाळलेल्या भोपळ्यांच्या पिंजऱ्यांतून लावे कुजबुजत होते. त्याने अंगरखा दूर केला, वाकून बघितलं, वास घेतला आणि त्याच्या भुवया कपाळाला गेल्या.

"हा कसला वास?"

"धुरी दिली, बोबो. मस्तूराची नजर लागली होती."

"पाखराला? कोंडलेल्या खोलीत? अगं, धूर कबाबाला देतात! कांदा तेवढा द्यायचा राहिला होता का?"

तुर्गुनोय ओक्साबोक्शी रडायला लागली. म्हाताऱ्याने जीभ चावली. मग फर्गान्यात पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरणीला त्याने फोन लावला आणि ती काय सांगते ते मोठ्याने म्हणून दाखवू लागला, म्हणजे तुर्गुनोयलाही कळावं. पाखराची छाती नाजूक. आपल्याला जो धूर नाकाला लागतो, तो त्याचा जीव घेऊ शकतो. स्वच्छ हवा, ऊब, अंधार. हात लावू नका, तोंडात पाणी ओतू नका. संध्याकाळपर्यंत तगला तर उद्या घेऊन या.

"आणि आता?" तुर्गुनोयने विचारलं.

"आता बसायचं."

दोघं बसले. बाहेरून चहाखान्यातला कुणी आत डोकावायचा, नेमतबोबो हातानेच त्याला हाकलायचा. त्या बसण्यात तुर्गुनोयने सदतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं. कारखाना, न मिळालेली दुवा, "छान आहे", आणि मनाशी लावलेली ती पैजही. "हा गेला तर मी समजेन बोबो, त्यांनी नाही माफ केलं. आणि माझ्या घरात तर काही टिकतच नाही."

"तुझं नाव काय?"

"बोबो, थट्टा नको."

"थट्टा नाही. तुझ्या आईच्या घरात तू टिकलीस ना? झालं तर." त्याने बाहीतल्या लाव्याचं डोकं बोटाने खाजवलं. "आता सांग, उस्तादांकडे हा कुठे बसायचा?"

तुर्गुनोयने डोळे पुसले. तिला ते आठवायची गरजच नव्हती, लख्ख समोर होतं. शेवटच्या आजारात ती सूप घेऊन दोनदा गेली होती, दारातून बघितलं होतं. "उस्तादांच्या समोर. कामाच्या बुटक्या मेजावर. उस्ताद टोपीत सारायच्या कागदी वाती वळायच्या, आणि हा जुन्या वह्यांचे कागद फाडायचा. उभ्या पट्ट्या काढायचा. म्हणून तर नाव मिर्झा, कारकून."

"आणि तुझ्याकडे कुठे बसतो?"

"पाहुण्यांच्या खोलीत."

"तिथे आणखी कोण बसतं?"

तुर्गुनोयने मांडीवरच्या अंगरख्याची घडी घालायला घेतली.

"खातो काय?"

"पलाव. लोणी लावून रोटी. हलवा."

"या अल्ला!" नेमतबोबोने कपाळाला हात लावला. "पोरी, हा पाहुणा नाही, पाखरू आहे. बावीस वर्षं रोज कामावर जाणारं पाखरू. तू त्याला पेन्शनीत काढून लोणी चारतेस. मलाही कुणी गालिच्याच्या खोलीत एकट्याला कोंडलं, तर मीही केस उपटेन."

दुपारच्या नमाजाच्या सुमाराला शेपटीचं वरखाली होणं मंदावलं. संध्याकाळी मिर्झा रडतखडत दांडीवर चढला आणि त्याने तुर्गुनोयकडे पाठ फिरवली. त्या पाठीकडे बघून तिचा जीव भांड्यात पडला. इतका आनंद तिला कुणी हसून बघितल्याचाही झाला नव्हता. तिने म्हाताऱ्याचा हात धरून डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "बोबो, तुमचे हात दुखणं न बघोत."

"माझे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी माग," नेमतबोबो म्हणाला. पण तोंड फिरवून म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून घराची सगळी घडी बदलली. डॉक्टरणीने दिलेले थेंब पंधरा दिवस वेळेवर. इसिरिकची जुडी मस्तूराला देऊन टाकली. पलावासाठी तेल धूर निघेपर्यंत तापवतात म्हणून चूल अंगणात गेली आणि भर थंडीत तुर्गुनोय बाहेर उभी राहून कांदा परतू लागली. भिंतीपलीकडून मस्तूरा म्हणायची, "सासूने नाही केला एवढा जाच पोपट करतोय गं तुला!" तुर्गुनोय म्हणायची, "आपा, सासू कागद फाडून द्यायची नाही."

कारण मिर्झा आता कामाच्या खोलीत आला होता. दाणे, सफरचंदाची फोड, गाजराचा तुकडा, बस्स. पिंजऱ्याचं दार उघडं, आणि समोर बुटकं मेज. पहिले चार दिवस तो पिंजऱ्याबाहेर आला नाही. तुर्गुनोयने सुया मोजून झाकणाच्या डबीत ठेवायची सवय लावून घेतली, पोपटाच्या पोटात सुई जाईल या भीतीने. पाचव्या दिवशी ती वाती वळत होती. टोपीचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये शिवणीच्या बारीक नळ्या असतात, त्यांत ओल्या कागदाच्या वाती सळईने सारायच्या, म्हणजे टोपी ताठ उभी राहते. तेव्हा तिला मागे फर्रर आवाज आला. मिर्झाने तिच्या नातीच्या जुन्या गणिताच्या वहीचं पान चोचीत धरलं होतं आणि वरपासून खालपर्यंत सरळ पट्टी काढली होती. पट्टी त्याने मेजावर टाकली आणि तिच्याकडे एका डोळ्याने बघितलं. काय बसलीस, वळ की, असं.

त्या पट्टीची वात तिने वळली. आणि म्हणाली, "शुकर आहे, मिर्झा. शुकर आहे."

ते ती मग रोजच म्हणायला लागली. सकाळी झाकण काढलं की, पट्टी पडली की, छातीवर नवं कोवळं पीस दिसलं की. शुक्रवारी नेमतबोबोला तंदूरची पहिली गरम रोटी पोचायची आणि ती देतानाही तेच. एकटीचं घर होतं, त्यात पहिल्यांदाच आवाज होता. वसंत आला, छातीवरचा ठिपका भरून निघाला. जर्दाळू पिकले, मिर्झाने त्यांचा रस तिच्या नव्या अस्तरावर सांडला. ती रागावली, मग हसली.

पण बोलत तो नव्हताच.

जुलैत एका सकाळी ती चौथी मिरची पुरी करत होती. टोपीच्या तीन मिरच्या तिच्या नेहमीच सरळ यायच्या, चौथी मात्र जराशी कलायची. गिऱ्हाइकाला कळायचं नाही, तिला कळायचं. का कलते हे मात्र कधी उमगलं नव्हतं. शेवटचा टाका घेतला आणि तिने दातांनी दोरा तोडला. टक्.

मेजावरून कुणीतरी घसा खाकरला. आणि बिबिसोरा उस्तादांच्या आवाजात म्हणालं, "उसव, तुर्गुनोय!"

तिच्या हातून टोपी पडली. खोलीत कुणी नव्हतं. मिर्झा वहीच्या पुठ्ठ्याचा कोपरा कुरतडत होता.

त्या दिवशी तिने दुसरा दोरा ओवला नाही. "उसव" म्हटलं असतं तर समजलं असतं, तो त्याचा जुनाच शब्द. पण नाव? सदतीस वर्षांत उस्तादांनी चारचौघांत तिचं नाव घेतलं नव्हतं. नेमतबोबोकडे धावली, की तुम्ही शिकवलंत का. तो म्हणाला, "मी तुला पोरी म्हणतो. नावाने कधी हाक मारली का?" ते खरं होतं. म्हणजे नाव उस्तादांच्या घरातूनच आलं. आणि नाव काय, राग काढतानाही घेतात. आजारपणात पडल्या पडल्या पोपटाशी काय काय बोलल्या असतील माझ्याबद्दल? मिर्झा मग आठवड्यातून एकदा दोनदा तसं म्हणायला लागला, दोरा तुटला की हमखास. दर वेळी तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. लोकांना तिने ते सांगितलं नाही. जीव टिकला होता, पण माफी टिकली की नाही हे आता तिला ठरवता येईना.

सप्टेंबरात, वर्षाच्या पलावाच्या चार दिवस आधी, अब्दुरसूल निमंत्रण द्यायला आला. मिर्झाला बघून तो दारातच थबकला. "अरे, हा तर आईकडे होता त्याहून गुबगुबीत झालाय!" मग त्याने काखेतलं गाठोडं मेजावर ठेवलं. "काल आईची पेटी उघडली आपा. कपडे वाटून टाकायचे म्हणून. तळाशी हे होतं. तुमचंच आहे, तुमच्याकडेच असावं."

गाठोड्यात टोप्या होत्या. अकरा. काळ्या साटिनाच्या, पांढऱ्या मिरच्यांच्या. तुर्गुनोयने पहिली उचलली आणि ओळखली. तिची होती. दुसरीही तिचीच. सगळ्याच.

"मीच आणायचो," अब्दुरसूल म्हणाला. "दर शरदात आई म्हणायची, रविवारच्या बाजारात जा, तुर्गुनोयची एक टोपी घे, माझं नाव सांगू नकोस. मला वाटायचं कुणाला भेट द्यायला घेते. विचारलं तर म्हणायची, तुला काय करायचंय, भूगोल शिकव. मग दार लोटून घ्यायची. मिर्झा आणि ती. आतून तिचं बोलणं ऐकू यायचं. मला वाटायचं, पोपटाशी बोलतेय."

तुर्गुनोयचं त्याच्या बोलण्याकडे अर्धंच लक्ष होतं. ती टोपी उजेडात फिरवत होती. एक मिरची, दुसरी, तिसरी: तिचाच हात. चौथी तिची नव्हती. चौथी सरळ होती, ताठ, जरासुद्धा न कललेली. तिने घाईघाईने दुसरी टोपी बघितली, तिसरी बघितली. अकराच्या अकरा टोप्यांची चौथी मिरची उसवून पुन्हा भरली होती. शेवटच्या टोपीतले टाके थरथरले होते, एकमेकांवर चढले होते, चौऱ्याऐंशी वर्षांच्या हाताचे टाके. पण मिरची सरळ होती.

तिने टोपी उलटी केली. अस्तराच्या बाजूने दोरा कसा गेलाय ते स्पष्ट दिसत होतं. तीन मिरच्या देठाकडून टोकाकडे भरलेल्या, सगळे भरतात तशा. चौथी टोकाकडून देठाकडे. तीन मिरच्यांचा ताण एका बाजूला, म्हणून चौथी उलटीकडून सुरू करायची, म्हणजे तो सुटतो. दुवेच्या आधीच्या आठवड्यात शिकवायचा राहिलेला धडा हा होता. तो उस्तादांनी अकरा वेळा भरून ठेवला होता आणि प्रत्येक वेळी दोरा तोडून समोर नसलेल्या मुलीला ओरडल्या होत्या.

"आपा?" अब्दुरसूल घाबरला. "आपा, काय झालं?"

"त्यांनी मला कधी सोडलंच नव्हतं रे," तुर्गुनोय म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. "मी समजत होते, मी सोडून गेले. शिकवत होत्या रे त्या मला."

अब्दुरसूलला सगळं कळलं असं नाही, पण त्याने विखुरलेल्या टोप्या एकावर एक रचून ठेवल्या. मग हळूच म्हणाला, "बहीण विचारत होती. मिर्झाचं काय करायचं?"

"तिला माझा सलाम सांग. म्हणावं, तो कामावर आहे."

तो गेल्यावर तिने पलावाच्या दिवशी अब्दुरसूलला घालायला म्हणून भरायला घेतलेली टोपी जवळ ओढली. कालच पुरी झाली होती. तीन मिरच्या सरळ, चौथी जराशी कललेली. शेजारी तिने उस्तादांची शेवटची टोपी उलटी करून ठेवली. कात्री घेतली.

मिर्झाने घसा खाकरला.

"हो उस्ताद," तुर्गुनोय म्हणाली, "उसवतेच आहे," आणि तिने चौथ्या मिरचीचा पहिला टाका कापला.